ओपन की मायक्रोस्कोपिक? दोन चौकोनांपायी गेलेले तीन आठवडे

फॉर्मच्या तळाशी दोन चौकोन होते. एकापुढे ‘ओपन’, दुसऱ्यापुढे ‘मायक्रोस्कोपिक’, आणि वर छापलेलं, ‘रुग्णाची पसंती’. एकावर खूण करून सही केल्याशिवाय माझ्या मणक्याच्या ऑपरेशनची तारीख मिळणार नव्हती. त्या चौकोनांपायी माझे तीन आठवडे गेले, तेही पायातली ताकद कमी होत असताना. आता ऑपरेशनला सहा महिने झाले, तरी राग उतरलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

आधीचं थोडक्यात सांगते. कमरेतून निघालेली कळ डाव्या मांडीच्या बाहेरून पोटरीत आणि तिथून पावलाच्या वरच्या भागापर्यंत जायची. एमआरआयमध्ये दिसलं की एल४-एल५ या दोन मणक्यांमधली गादी डावीकडे सरकून शीर दाबते आहे. गोळ्या, फिजिओथेरपी, मणक्याजवळचं इंजेक्शन, सगळं झालं. त्याबद्दल तक्रार नाही, ते करायलाच हवं. गादी सरकलेल्या बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. मला नवव्या आठवड्यातही पडला नव्हता. एके दिवशी जिना चढून वर आले आणि बघते तर डाव्या पायात चप्पलच नाही. चार पायऱ्या खाली पडली होती. निसटली कधी, कळलंच नाही. खुर्चीत बसून दोन्ही पायांचे अंगठे वर उचलून पाहिले. उजवा ताठ उभा राहिला, डावा अर्ध्यात थांबला.

सर्जननी अंगठा बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाले, “आता थांबायला नको. बाकीचं काउंटरवर समजावतील.” आणि हातात तो फॉर्म आला.

काउंटरवरच्या बाईंना विचारलं, दोन्हींत फरक काय? “मायक्रोस्कोपिक लेटेस्ट आहे, टाका लहान असतो.” आणि ओपन? “ते जुनं, पण तेही चांगलं असतं.” माझ्या केसमध्ये कुठलं? “ते पेशंटने ठरवायचं, मॅडम.” सर ऑपरेशन थिएटरमध्ये. ओपीडी आठवड्यातून दोनदाच. शुक्रवारी दोन तास थांबून सरांच्या असिस्टंटना गाठलं. ते उभ्याउभ्याच म्हणाले, “दोन्ही चालतं, तुम्हाला काय बरं वाटतं?” पुढच्या मंगळवारी सर परिषदेला गेलेले. फॉर्म कोराच ठेवून ‘डॉक्टर ठरवतील तसं’ असं समासात लिहून दिलं, तर तो परत आला. सिस्टीम म्हणे दोन्हींपैकी एक मागते.

मणक्यात काय सापडेल, शीर किती चिकटलेली असेल, आपल्या सर्जनचा हात कशावर बसलेला आहे, यातलं काहीही पेशंटला माहीत नसतं. मग त्याने कशाच्या आधारावर पसंती द्यायची? टाक्याच्या लांबीवर? मी खरोखर तेच करत बसले होते. रात्री आडवी पडून पट्टीवर सेंटिमीटर मोजत होते.

त्यात घरच्यांचे सल्ले. “दुर्बिणीतून कर, टाकेच पडत नाहीत.” हा शब्द आपल्याकडे फार घोळ घालतो. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे एंडोस्कोपी: बारीक नळी आत जाते, नळीच्या टोकाशी कॅमेरा असतो आणि सर्जन पडद्यावर बघून काम करतात. मायक्रोस्कोप वेगळा. तो शरीरात जातच नाही, पेशंटच्या पाठीच्या वर स्टँडवर उभा असतो. म्हणजे मायक्रोस्कोपिक ऑपरेशनातही पाठ उघडावीच लागते आणि टाके पडतातच. हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. तुमच्याशी कोणी ‘दुर्बीण’ म्हणालं, तर आधी विचारा: आत जाणारी की बाहेर राहणारी?

दुसरं मत घ्यायला दुसऱ्या सर्जनकडे गेले. हे ‘ओपन’वाले. मला वाटलं, मोठी चीर, जुनी पद्धत. त्यांनी टेबलावरच्या पेटीतून भिंगाचा चष्मा काढून दाखवला. साधारण अडीच ते साडेतीन पट मोठं दिसतं, आणि कपाळावर दिवा असतो. ते चीर घेणार तीन-चार सेंटिमीटरची, मायक्रोस्कोपवाले घेतात दोन-तीनची. एवढाच फरक? “बराचसा एवढाच,” ते म्हणाले.

तेव्हा घरी येऊन नीट वाचलं. सायटिकाचं, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या या कळेचं, मूळ सरकलेल्या गादीत असू शकतं, हे मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन सर्जननी १९३४ मध्ये मांडलं. त्या काळी मणक्याची मागची कमान बरीचशी काढून टाकायचे. लोकांच्या मनात ‘ओपन’ म्हटल्यावर तेच चित्र आहे. पुढे कमानीत छोटी खिडकी करूनच काम होऊ लागलं, आणि १९७७ मध्ये यासारगिल आणि कास्पार या दोन न्यूरोसर्जननी आपापल्या स्वतंत्र लेखांत मायक्रोस्कोपखालची पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे काउंटरवरचं ‘लेटेस्ट’ माझ्या लग्नाहूनही जुनं निघालं. दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अभ्यास बरेच झाले आहेत, आणि पायाच्या कळेचा दूरचा निकाल दोन्हींत साधारण सारखाच येतो. गादीचा तुकडा पुन्हा सरकण्याची भीती, शिरेभोवतीचं आवरण फाटण्याची शक्यता, हे धोकेही दोन्हीकडे आहेत.

हे कळलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच संताप आला. एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं का नाही?

तिसऱ्या आठवड्यात सर भेटले. मी फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “यावर खूण तुम्ही करा, सही मी करते.” त्यांनी मणक्याचं मॉडेल पुढे ओढलं आणि पेनाच्या टोकाने दाखवलं: पालथं झोपवून आधी एक्सरेवर नेमका मणका पक्का करायचा, स्नायू एकाच बाजूचा हळूच सरकवायचा, कमानींमधला पिवळा पडदा उघडायचा, शीर बाजूला धरायची आणि सरकलेला तुकडा चिमट्याने काढायचा. संपूर्ण गादी काढत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. “दोन्हींत मी हेच करतो,” ते म्हणाले. “मायक्रोस्कोपने उजेड माझ्या नजरेच्या रेषेत थेट खाली पडतो आणि समोरच्या असिस्टंटलाही मी बघतो तेच दिसतं. भोक लहान असल्यामुळे मणका चुकायला नको, आणि आडबाजूला दडलेला तुकडा राहून जायला नको, म्हणून जास्त जपावं लागतं. माझा हात त्यावर बसलाय, म्हणून मी तो वापरतो. शिरेची वाट बरीच अरुंद झालेली असती, तर मीच मोठं उघडलं असतं.”

बारा मिनिटं लागली. तीन आठवडे मला हवी होती ती एवढीच बारा मिनिटं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: ‘कुठलं चांगलं?’ असं विचारू नका. ‘तुम्ही नेहमी कुठल्या पद्धतीने करता, आणि माझ्या एमआरआयमध्ये ती बदलावी असं काही आहे का?’ असं विचारा. मायक्रोस्कोप क्वचितच वापरणाऱ्या हातापेक्षा रोज भिंगाच्या चष्म्याने करणारा हात मी डोळे झाकून निवडेन. दुसरं, तुमचं दुखणं पायाचं जास्त की कमरेचं, ते स्वतःशी स्पष्ट करा. हे ऑपरेशन शीर मोकळी करण्यासाठी आहे. पायाची कळ जाते, पण नुसत्या कमरदुखीवर त्याचा भरवसा नाही. मला हे पहिल्या सर्जननी विचारलं होतं, पण का विचारलं ते सांगितलं नव्हतं.

आणि एक, जे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा दोन्ही पायांतलं बळ एकदम गेलं, तर कसला फॉर्म आणि कसली पसंती. त्याच क्षणी इमर्जन्सीत जा. तिथे उशीर परवडत नाही.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शुद्धीवर आले तेव्हा पायातली कळ नव्हती. मी दोनदा पाय हलवून खात्री केली आणि रडले. संध्याकाळी चालवलं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कमरेतून वळायचं नाही, हे काही आठवडे पाळलं. बधिरपणा मात्र सावकाश जातो. पावलावरचा एक पट्टा अजून जाड कापडातून हात लावल्यासारखा लागतो.

अरे हो, संमतीपत्र. ऑपरेशनच्या सकाळी सही करताना मणक्याचा क्रमांक आणि बाजू स्वतः वाचा. माझ्या कागदावर क्रमांक होता, ‘डावी’ लिहायचं राहिलं होतं. मी ते सिस्टरना दाखवलं, त्यांनी डॉक्टरांना बोलावून लिहून घेतलं आणि पाठीवर पेनाने खूणही करून घेतली. कोणी चिडलं नाही. विचारायला संकोच करू नका.

चप्पल आता पायात टिकते. अंगठा उजव्याइतका अजून उचलत नाही, फिजिओथेरपी चालू आहे. त्या फॉर्मबद्दल मी हॉस्पिटलला लेखी कळवलं आहे: ते दोन चौकोन काढा, किंवा त्यांच्याआधी डॉक्टरांच्या पंधरा मिनिटांची वेळ ठेवा. पोच मिळाली आहे. उत्तराची वाट बघतेय.