नंबरप्लेटच्या पैशातली फुलं

एप्रिल संपत आला की इथे नॉर्थ कॅरोलिनात हायवेच्या कडेला आणि मधल्या पट्ट्यात लालभडक पॉपीज फुलतात. एकदोन नाही, पट्टेच्या पट्टे. शंभरच्या स्पीडने जाताना नीट बघताही येत नाही आणि थांबणं तर धोक्याचंच, म्हणजे ज्यांच्यासाठी पेरली ते लोक ही फुलं जेमतेम दहा सेकंद बघणार.

हो, पेरलीच. दिसायला कितीही रानटी असोत, ही आपोआप आलेली नाहीत. १९८५ पासून इथल्या रस्ते खात्याचा हा रीतसर कार्यक्रम आहे. जमीन तयार करायची, पानगळीच्या दिवसांत बी टाकायचं, हिवाळाभर बारकी रोपं जमिनीला चिकटून बसतात आणि मग वसंतात धमाल. पण मला सगळ्यात आवडतो तो खर्चाचा भाग. गाडीला हौशी नंबरप्लेट, म्हणजे नेहमीच्या नंबराऐवजी आपल्या आवडीचं नाव किंवा शब्द असलेली, लावायला लोक जादा पैसे भरतात, त्या पैशातून ही फुलं. म्हणजे कोणीतरी स्वतःचं नाव मिरवत पुढे जातो आणि त्याच्या मिरवण्यातून मागे पॉपीज उगवतात! आपल्याकडे चॉइस नंबरसाठी आरटीओत लोक काय पैसे ओततात, त्यातून घाटात नुसती सोनकी जरी पेरली तरी... पण जाऊदे, सोनकी बिचारी कुणी न पेरताच येते.

गंमत म्हणजे ही पॉपी मूळची अमेरिकेची नाहीच. युरोपात गव्हाच्या शेतातलं तण होतं ते, शेतकरी वैतागायचे, पुढे तणनाशकं आली आणि खूप ठिकाणची पॉपी गेली. तिचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं, माती उलथली आणि उजेड लागला की रुजतं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी बेल्जियम-फ्रान्सची जमीन उकरली गेली तिथे हीच उगवली, म्हणून ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात लोक कोटाला कागदी पॉपी लावतात. एका शेतकऱ्याचं तण, सैनिकांची आठवण आणि इथे चक्क सरकारी खात्याने आणलेलं बी. नशीब लागतं हो!

जवळून बघायची तर आपल्या अंगणात लावायची, मी लावली. कळी उघडते तेव्हा पाकळ्या बॅगेत कोंबलेल्या सुती साडीसारख्या चुरगळलेल्या असतात, उन्हात हळूहळू सरळ होतात आणि बहुतेक दुसऱ्या दिवशी गळूनही जातात. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली तर तिचा पहिला प्रश्न, "यातून खसखस निघते का गं?" अनारशांचं डोकं आहे ते, फूल बघून दुसरं काय सुचणार! तिला सांगितलं की खसखशीची पॉपी वेगळी, अफूची, ती मंदसौर-नीमचकडे सरकारी लायसन्सवर लावतात. ही नुसती शोभेची. "मग एवढी लावलीस कशाला?" असं म्हणून तिने विषय मिरच्यांच्या रोपांकडे वळवला.

नवऱ्याला मात्र आता हौशी नंबरप्लेट हवीये. फुलांना मदत होते म्हणे! एरवी पार्किंगचे पैसे वाचवायला अर्धा मैल चालणारा माणूस.