बेळगावचा पावसाळा आणि माझी किटची गिटार

किटबरोबर आलेल्या पत्रकात एक ओळ आहे: लॅकरचा एक हात मारा, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी पुढचा हात. ही ओळ लिहिणाऱ्याला जुलैत आठवडाभर बेळगावच्या शहापुरात आणून ठेवायला पाहिजे. इथं रात्रभरात रुमाल वाळत नाही, आणि हा गिटार वाळवायला निघालाय!

किट मी हिवाळा सरतासरता मागवलं होतं. उन्हाळ्यात रंगकाम उरकून जूनच्या आधी तारा चढवायच्या, असा हिशेब होता. कुरिअरवाल्यांनी ते कुठं फिरवलं देव जाणे, पोचलं तेव्हा बेळगावला पाणी पुरवणारं राकसकोप धरण भरत आल्याच्या बातम्या सुरू झाल्या होत्या.

किट टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या पद्धतीचं. लिओ फेंडरनं हे डिझाइन 1950 मध्ये बाजारात आणलं, टेलिकास्टर हे नाव 1951 पासूनचं. नेक, म्हणजे गिटारची मान, चिकटवलेली नाही, चार स्क्रूंवर बसते. म्हणून तर घरी बसून स्क्रूड्रायव्हरनं जोडता येते. बॉडी बासवुडची, नेक मेपलची, पिकअप (तारांचा कंप पकडणारी, चुंबक आणि वेटोळ्याची पेटी) दोन, वायरिंग जवळपास तयार. जोडणीत फारसं काही नाही, ती कुणालाही जमेल. गाडी अडते ती रंगाशी.

रंगाला हात लावण्याआधी दोन गोष्टी. सगळं एकदा नुसतं जोडून बघा. नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरची धातूची आडवी पट्टी) 324 मिलिमीटर भरतात, त्याच्या दुप्पट म्हणजे 648 वर ब्रिजच्या सॅडल, म्हणजे बॉडीवरचे तारांचे टेकू, आल्या पाहिजेत. हे रंगानंतर कळलं तर काय उपयोग? दुसरं, बॉडीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो शोषला न जाता तसाच बसून राहिला, तर कारखान्यातूनच सीलर मारून आलंय आणि रंगाचा स्टेन लाकडात उतरणार नाही. बासवुड मऊ असतं, नखानंही खड्डा पडतो. त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की खड्डा बऱ्यापैकी वर येतो. पॉलिश पेपर 120 पासून 320 पर्यंत, रेषेच्या दिशेनं. नेक बसते त्या खाचेत रंग जाऊ द्यायचा नाही, टेप लावून घ्या.

आता लॅकर. रंगाच्या दुकानात सँडिंग सीलर, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि थिनर मागितलं. पावसात चालेल का म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेतात की ओ." सीलर ठीक बसला. लॅकरचा पहिला हात मारला आणि बघता बघता बॉडीवर दुधासारखी साय धरली. खालचे लाकडाचे रेषे दिसेनात. दुकानदाराला फोटो दाखवला, तर म्हणे डबा नीट ढवळला नसेल.

ढवळण्याचा काही संबंध नाही. थिनर झपाट्यानं उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि हवेत आधीच ओल भरलेली असेल तर ती त्या गार भागावर धरते आणि लॅकरच्या थरात अडकून पडते. लाकडी फर्निचरवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते पावसात कामच धरत नाहीत. आमच्या ओळखीच्या पॉलिशवाल्या काकांना फोन केला की "स्वल्प तडीरी (कन्नडमध्ये 'थोडं थांबा'), पाऊस उघडू दे." आषाढ संपला, श्रावण लागला, तरी "स्वल्प तडीरी". श्रावणात ऊन-पावसाचा खेळ असतो म्हणतात. बेळगावला त्यातला पाऊसच जास्त वाट्याला येतो. दुपारी ऊन दिसलं म्हणून बॉडी गच्चीवर न्यावी, तर जिना चढेपर्यंत खानापूरच्या बाजूनं काळं आलेलंच. ओल मोजायचं एक स्वस्त यंत्र आणून खोलीत टांगलं होतं. त्याचा काटा 85 टक्क्यांच्या खाली यायचं नाव घेईना, आणि मी दर तासाला उठून तो बघत होतो. घरच्यांनी शेवटी ते यंत्रच लपवून ठेवलं.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मात्र कामाची माहिती मिळाली. तिथं सावकाश उडणारं थिनर मिळतं, रिटार्डर म्हणून मागायचं. ते थोडं मिसळलं की पृष्ठभाग एकदम गार पडत नाही आणि ओलीला बाहेर पडायला वेळ मिळतो. तिथल्या पेंटरनं हार्डनरवाला टू-के पीयू (दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारून द्यायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचे फवारे फुप्फुसाला वाईट, आणि तो स्वतः तोंडाला नुसता रुमाल बांधून मारत होता. तुम्ही घरी करणार असाल तर हे अजिबात नको.

मग एकदा मावशीकडं वडगावला जाताना वाटेत गणपतीच्या मूर्तींची शेड लागली. बाहेर धो-धो पाऊस, आणि आत पुरुषभर उंचीच्या मूर्तीवर स्प्रेगननं सोनेरी रंग चालू. मी गाडी तिथंच लावली. महिनाभर मी "पाऊस उघडू दे" ऐकत होतो, आणि हा माणूस मुसळधार पावसात चतुर्थीची तारीख गाठत होता.

शेडला चारी बाजूंनी प्लॅस्टिक, आत हॅलोजनचे दिवे, वर पंखे. मूर्तिकार मामांना मोबाईलमधला फोटो दाखवला. हसले नाहीत, उलट लगेच म्हणाले, "थिनरात काय खोट नाही. गार लाकडावर मारलंय तुम्ही. आधी ऊब द्यायची, मग मारायचं." दुसऱ्या दिवशी बॉडी घेऊन गेलो. त्यांनी ती तारेला टांगून हॅलोजनसमोर हाताला कोमट लागेपर्यंत ठेवली. मग कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून आत साठलेलं पाणी काढलं. ते राहिलं तर हवेबरोबर थेट रंगात जातं. पांढऱ्या भागावर आधी नुसतं रिटार्डर मिसळलेलं थिनर धुक्यासारखं हलकं फवारलं. थर मऊ झाला, अडकलेली ओल निघाली आणि खालचे रेषे परत दिसू लागले. एवढी वाट बघून मी हे काही मिनिटांत होताना बघत होतो. मला आनंद झाला की राग आला, सांगता येणार नाही.

पुढचे हात त्यांच्या मूर्तींच्या मधल्या वेळात, पातळ पातळ, दर वेळी ऊब देऊन. पैसे घेईनात, म्हणून पेढे दिले. तिथं एक सांभाळायचं: एनसीची वाफ भसकन पेटते. फवारताना दिवे बंद, वाफ पूर्ण बाहेर गेल्यावर परत चालू. मामा त्याबाबतीत फार कडक होते.

शेवटच्या हातानंतर कमीत कमी महिनाभर हात लावायचा नाही. वरून कडक वाटलं तरी आतून लॅकर बसत असतं. बॉडीला नाक लावून बघा, थिनरचा वास येतोय तोवर घासायचं नाही. माझ्या बॉडीचा वास नवरात्र उलटल्यावर गेला. मग 1000, 1500, 2000 चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून, आणि शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. कडांवर जोर देऊ नका, लगेच लाकूड उघडं पडतं. स्क्रूच्या भोकांत आधी मेण भरा. पाणी आत गेलं की लाकूड फुगतं आणि भोवतीचं लॅकर तडकतं. तेच मेण नंतर स्क्रूलाही लावायचं, कारण मेपल कडक असतं आणि कोरडा स्क्रू मुंडी तुटून आतच राहतो.

जोडणी एका रविवारी झाली. ब्रिजखालून अर्थची वायर जाते, ती ब्रिजला खरोखर टेकलीय का ते बघा. अँप लावल्यावर तारांना हात लावला की गुणगुण कमी होत असेल, तर ती वायर नीट लागलीय. सिंगल कॉइल पिकअपची थोडी गुणगुण राहतेच, तिच्या मागं लागू नका.

तारा चढवल्यावर सगळ्यात जाड, ई सुराची तार झणझणत होती. बाबा भजनी मंडळातले, त्यांनी आतल्या खोलीतून ऐकून दाद दिली, "जवारी मस्त लागलीय की रे!" मिरजेच्या तंबोऱ्यात जी जवारी, म्हणजे तारेची झणझण, कारागीर मुद्दाम आणतात, ती मला घालवायची होती. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा ढिला केला, नेकला किंचित पोक आला, सॅडल जरा वर घेतली, झालं. बाबांना आधीचाच आवाज बरा वाटतो.

किटमधल्या तारा टाकून द्या, 9-42 चा (हे आकडे तारांच्या जाडीचे) बरा सेट घाला. आणि तुमचंही किट असंच पावसात येऊन पोचलं, तर लॅकरच्या भानगडीत न पडता सरळ टंग ऑइल (लाकडाला लावायचं, टंगच्या बियांचं तेल) लावा. कापडानं पुसत लावायचं. ओल्या हवेत वाळायला वेळ घेतं, पण पांढरं पडत नाही. मी दुसरं किट मागवलंय. विक्रेता फेब्रुवारी म्हणतो, पण टंग ऑइलची बाटली मी आताच आणून ठेवलीय.