बाण येण्यापूर्वीचा प्रदेश

‘एल्डर स्क्रोल्स’ या संगणकावरच्या खेळमालिकेतला सर्वांत चांगला भाग कोणता, असे विचारले की बहुतेक जण स्वतः पहिल्यांदा खेळलेल्या भागाचे नाव घेतात, आणि आमचे घरही त्याला अपवाद नाही. मालिका १९९४ पासून चालू असली, तरी आमचा वाद तीनच भागांभोवती फिरतो: २००२चा ‘मॉरोविंड’, २००६चा ‘ओब्लिव्हियन’ आणि २०११चा ‘स्कायरिम’. मी पहिल्याच्या बाजूचा, तर सुट्टीत आमच्याकडे जुळे सोलापूरला राहायला येणारा माझा भाचा तिसऱ्याच्या. मे महिन्यात पंखा गरम हवा फेकत असताना त्याने बर्फाळ डोंगरांचा खेळ निवडावा, हे मी समजू शकतो.

‘मॉरोविंड’मध्ये तुम्ही कैदी म्हणून जहाजातून सेडा नीन या दलदलीकाठच्या खेड्यात उतरता. तुमच्या हाती एक पाकीट देतात आणि सांगतात, की बालमोरा गावी जा, ‘साउथ वॉल’ नावाच्या गुत्त्यात केयस कोसाडेसची चौकशी करा. पडद्यावर वाट दाखवणारा बाण नाही, ठिपका नाही. साखर पेठेत एखाद्याचे घर शोधताना आपण आधी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारतो, तसेच तिथेही विचारत जावे लागते. पुढची कामेही अशीच असतात: पूल ओलांडा, नदीच्या काठाने उत्तरेला जा, फाट्यावर डावीकडे वळा. हे सारे रोजनिशीत नोंदलेले असते आणि खेळणारा एक डोळा त्या नोंदीवर, एक रस्त्यावर ठेवून चालतो. सांगणारे कधी मोघम सांगतात, कधी चक्क चुकीचे सांगतात. ज्यांना चालायचे नसेल त्यांच्यासाठी सिल्ट स्ट्रायडर नावाचा उंटापेक्षा कितीतरी उंच किडा भाड्याने मिळतो, पण तोही ठरलेल्या गावांनाच जातो.

‘ओब्लिव्हियन’ने होकायंत्रावर बाण आणला आणि मोठी शहरे पहिल्यापासूनच नकाशावर टिचकी मारून गाठण्याची सोय केली. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. ‘मॉरोविंड’मधले बहुतेक संभाषण वाचायचे होते, ‘ओब्लिव्हियन’मध्ये मात्र प्रत्येक पात्र बोलू लागले, सम्राटाला तर पॅट्रिक स्टुअर्ट यांचा आवाज लाभला. लिहिलेल्या चार ओळी वाढवायला काही लागत नाही, पण बोलून घ्यायची प्रत्येक ओळ पैसे आणि जागा मागते. बोलणे आखूड झाले की रस्त्याचे वर्णन सर्वांत आधी गळते आणि त्याची जागा बाण घेतो. भाचा म्हणतो, “मामा, बाण नको असेल तर बंद करा ना.” बंद करता येतोही, पण मग ‘स्कायरिम’मधली माणसे अमुक गुहेतून अमुक वस्तू आणा एवढेच बहुधा सांगतात, गुहा कोणत्या डोंगरामागे आहे ते सांगत नाहीत, आणि खेळणारा बाणाशिवाय भटकत नाही, नुसता अडकतो.

माझा खरा आक्षेप मात्र बाणाच्या पलीकडचा आहे. ‘मॉरोविंड’चे जग खेळणाऱ्याची फारशी पर्वा करत नाही. तिथल्या तेल्वानी घराण्यातल्या जादूगारांच्या मनोऱ्यांत वर जायला जिनाच नसतो. ज्याला हवेत तरंगण्याचा मंत्र येत नाही त्याने वर येऊच नये, असा त्यांचा खाक्या. कथेला आवश्यक असलेले माणूस तुम्ही मारलेत, तर भविष्यवाणीचा धागा तुटल्याची सूचना येते, आणि तरीही हवे तर त्या बिघडलेल्या जगात तुम्ही खेळत राहू शकता. ‘ओब्लिव्हियन’मध्ये अशी माणसे बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने कपडे झटकून उठतात. तरंगण्याचा मंत्रही तिथे गेला, कारण शहरे तटबंदीआडचे वेगळे कप्पे झाली आणि उडून आत शिरणाऱ्याला दाखवायला आत काही उरले नाही. सर्वांत वाईट म्हणजे शत्रू तुमच्या पातळीबरोबर, म्हणजे तुमचे बळ वाढेल तसे, वाढू लागले. पुढे पुढे तर फुटकळ पैशांसाठी वाट अडवणारा दरोडेखोरही काचेचे महागडे चिलखत घालून उभा राहतो.

इथे भाच्याची बाजू मला मान्य करावी लागते. ‘स्कायरिम’ने ही खोड बरीच आवरली. व्हाइटरन शहराबाहेर मॅमथ राखणारे राक्षस तुम्ही नवखे आहात की मुरलेले हे पाहत नाहीत. नवख्याला एका फटक्यात ते आकाशात भिरकावतात. हा प्रसंग भाचा मला पुन्हा पुन्हा करून दाखवतो आणि तो पुराव्यादाखल असतो. कौशल्यांची संख्या २७ वरून २१ आणि मग १८ झाली, याबद्दल जुने खेळाडू उसासे टाकतात, पण भाला आणि कुऱ्हाड यांचे वेगळे रकाने गेल्याचे मला दुःख नाही. स्वतःचे मंत्र रचण्याची सोय गेली, तिचे आहे.

या सुट्टीत त्याने माझ्या जुन्या संगणकावर ‘मॉरोविंड’ सुरू केला आणि लगेच चिडला. तलवार शत्रूच्या अंगातून आरपार जाताना दिसते, पण लागत नाही. घाव बसतो की नाही हे पडद्याआडचे फासे ठरवतात, आणि धावून दमलेल्या माणसाचे फासे वाईट पडतात. तो तर सेडा नीनपासून पळतच सुटला होता. चालत जा, असे मी सांगितले. त्याने विचारले, की हे खेळाने का सांगितले नाही, आणि त्यावर माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते.

सहाव्या भागाची झलक २०१८ मध्ये दाखवली गेली, तेव्हापासून आमच्या दोघांच्या मागण्या तयार आहेत. बाण राहू दे, पण पात्रांनी रस्ताही सांगावा, ही माझी. तलवार दिसते तशी लागली पाहिजे, ही त्याची, आणि तिला माझी हरकत नाही.