तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा बाथरूमला एवढे रंग का?

पाहुणे हात धुवायला आत जातात आणि ओले हात तसेच घेऊन बाहेर येतात. प्रश्न ठरलेला असतो. "अहो, एवढीशी बाथरूम आणि एवढे भडक रंग? आणखीच लहान नाही का वाटत?" त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, "आणि हाताने रंगवलेलं हे सगळं पाण्याने निघत नाही?" उभ्या उभ्या मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते, पण ते अपुरं असतं हे मलाही कळतं. म्हणून आज बसून सांगते.

आमची बाथरूम चार फूट रुंद आणि सहा फूट लांब. खिडकी वीत-दीड वीत, तीही वर, झडपांची. शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत टाइल्स आहेत, बाकी भिंतींना कमरेपर्यंत, आणि त्यावर रंग. त्या जागेत आता गडद मोरपंखी रंग आहे. त्यावर हातभर लांबीची पानं, शेंदरी आणि पिवळीधमक फुलं. आरशाच्या भिंतीला गेरूसारखा तांबूस. छतसुद्धा पांढरं ठेवलं नाही, फिकट गुलाबी केलं. त्याआधी कित्येक वर्षं सगळं पांढरंच होतं.

आणि तेव्हाही ती लहानच दिसायची. लहान खोलीला फिकट रंग दिला की ती मोठी दिसते, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की तपासून बघायचं डोक्यातच येत नाही. भरपूर उजेडाच्या खोलीत ते खरं आहे, कारण फिकट भिंत उजेड परत फेकते. पण खिडकी वीतभर असेल तर परत फेकायला उजेड आहेच कुठे? मग पांढरा रंग करडा पडतो. प्रत्येक कोपऱ्यात सावलीची एक उभी रेघ दिसते, आणि त्या चार रेघा नजरेला आल्या आल्या सांगून टाकतात की खोली इथे संपली. गडद रंगात ती सावली मुरून जाते. त्यात मी दोन मोठी पानं मुद्दाम कोपऱ्यावरून वळवून नेली, देठ एका भिंतीवर आणि टोक शेजारच्या भिंतीवर. नजर पानाच्या मागे जाते आणि कोपरा कधी ओलांडला ते कळत नाही.

तरी खोली मोठी दिसते असं मी म्हणणार नाही. मी ती मोठी दिसायला हवी हा हट्टच सोडला. बाहेरच्या खोलीत आपण तासन् तास बसतो, तिथे असा रंग डोळ्यांवर येईल. बाथरूममध्ये आपण दार लावून, एकटे, दहा-पंधरा मिनिटं असतो, आणि रोज असतो. एवढ्या वेळासाठी रंग भरघोस असावा असं मला मनापासून वाटतं. सकाळी दिवा लावला की पहिली गोष्ट दिसते ती पिवळं फूल. हे मला हवं होतं, म्हणून केलं. पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे.

पाण्याचं उत्तर मात्र मोठं आहे, आणि ते मला एका चुकीतून मिळालं.

सुरुवातीला मी शॉवरच्या टाइल्सना लागून असलेल्या भिंतीवर थेट काम सुरू केलं होतं. भिंत हाताला कोरडी लागत होती, तेवढं मला पुरेसं वाटलं. दीडएक महिन्याने एका पानाच्या मधोमध फोड आला. करंगळीच्या नखाएवढा. दाबला तर फुटला आणि आतून ओलसर पांढरी भुकटी निघाली. दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी आणखी दोन. मी आधी शॉवरच्या तुषारांना दोष दिला, पण ते त्या जागी पोहोचतच नव्हते. पाणी मागून येत होतं. भिंतीच्या आतल्या पाइपचा एक जोड थेंब थेंब गळत होता. असं पाणी प्लास्टरमधले क्षार विरघळवून सोबत घेऊन येतं. पृष्ठभागाशी आल्यावर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात. म्हणजे माझा रंग पाण्याने धुतला गेला नव्हता, भिंतीने त्याला बाहेर लोटलं होतं.

रंग भिंतीवर कसा बसतो हे मी त्यानंतर समजून घेतलं. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात छोट्या छोट्या खोल्यांच्या लाल, पिवळ्या, काळ्या भिंती आजही बघायला मिळतात. तिथे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायची पद्धत होती. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंगाचे कण त्या थरातच पकडले जातात. आपला अ‍ॅक्रिलिक रंग तसा भिंतीत मुरत नाही. तो वर पातळ पापुद्रा होऊन बसतो. पापुद्र्याची पकड जेवढी चांगली, तेवढं चित्राचं आयुष्य. म्हणून चित्र काढायला मला पाच दिवस लागले आणि भिंत तयार करायला दोन महिने.

तुम्ही करणार असाल तर एक साधी गोष्ट आधी करा. फूटभर प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा घ्या आणि चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का बसवा. एक दिवस, जमल्यास दोन दिवस तसाच राहू द्या. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दमटपणा दिसला, तर ओल भिंतीच्या आत आहे. आधी गळती शोधा, रंगाचा विचार नंतर. बाहेरच्या बाजूला थेंब दिसले तर भिंत ठीक आहे, हवेतला दमटपणा जास्त आहे. मी हे आधी केलं असतं तर ती पहिली तीन पानं वाचली असती. त्यातलं एक मला फार आवडायचं.

जोड दुरुस्त झाला, तेवढ्या भागाचं प्लास्टर नवीन केलं. त्यानंतर २८ दिवस मी त्याला हात लावला नाही. ताजं सिमेंट फार अल्कलीयुक्त असतं आणि रंग घाईने लावला तर त्याचा बंधच बिघडवतं, वरून डाग पडतात ते वेगळेच. वरच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके होते, ते पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने पुसले, नंतर साध्या पाण्याने धुतले आणि पूर्ण वाळू दिले. बुरशीवर नुसता रंग फासला तर ती खालून पुन्हा डोकं वर काढते. इथे एक सांगायलाच हवं, ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि एवढ्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. पुढे पुट्टी, १८० नंबरचा सँडपेपर, मग २२० नंबरचा, धूळ पुसणं, प्रायमर. ह्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त कंटाळा करू नका.

तुषारांपेक्षा वाफ अधिक त्रास देते. गरम पाण्याने आंघोळ केली की हवेत वाफ भरते, ती थंड भिंतीला लागते आणि तिथे तिचं पाणी होतं. सकाळी आरसा धुरकटतो तसंच. ते पाणी तासन् तास भिंतीवर राहिलं तर बुरशीला आणखी काय हवं? आम्ही आंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा वीस मिनिटं चालू ठेवतो आणि दार थोडं किलकिलं ठेवतो, म्हणजे पंख्याने ओढलेल्या हवेच्या जागी कोरडी हवा आत येते. दार घट्ट बंद असेल तर पंखा नुसता आवाज करत राहतो. चित्रावर मी पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वार्निशचे दोन पातळ हात दिले. पातळच, कारण जाड थर दुधाळ दिसतो आणि गडद रंगावर ते लगेच उठून दिसतं. आणि वार्निशनंतर दोन आठवडे आम्ही तिथे गरम पाण्याने आंघोळ केली नाही. रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला त्याला बरेच दिवस लागतात.

आता रंगांकडे येते, कारण मला बोलायचं असतं ते ह्याच्याबद्दल.

दुकानातल्या कागदी पट्टीवर आवडलेला मोरपंखी बाथरूममध्ये वेगळाच दिसला. तिथे दिवसासुद्धा दिवा लागतो, म्हणजे रंग बघायचा तो दिव्यातच. आमचा बल्ब २७०० केल्विनचा होता, पिवळट प्रकाशाचा. त्यात मोरपंखीतला निळा विझून जायचा आणि भिंत काळपट हिरवी दिसायची. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र बल्ब लावून पाहिला, तर शेंदरी रंग रुक्ष झाला. शेवटी ४००० चा घेतला, आणि घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर आहे ना ते पाहिलं. हा आकडा कमी असला की लाल रंग मेल्यासारखे दिसतात, मग तुम्ही रंगांवर कितीही खर्च करा.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. चार फुटांवर समोरासमोर असलेल्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. हिरव्या भिंतीवरचा उजेड समोरच्या हिरव्या भिंतीवर जातो, तिथून परत येतो, आणि प्रत्येक फेरीत रंग अधिक गर्द होतो. म्हणून पट्टीवर जेवढा गडद दिसतो त्याहून एक पायरी फिकट निवडावा. मी पुठ्ठ्याचा मोठा तुकडा रंगवून, मधोमध दुमडून कोपऱ्यात चिकटवला होता. सपाट भिंतीवर बघून खरं कळत नाही, कोपऱ्यातच कळतं.

आणि आरसा! आरशाची भिंतही मी आधी मोरपंखीच केली होती. पहिल्याच सकाळी चेहरा बघितला तर आजारातून उठल्यासारखा. भिंतीवरून येणारा हिरवा उजेड थेट तोंडावर पडत होता. धाकटी बहीण आली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हे नाही चालणार, रोज सकाळी स्वतःला असं बघून घराबाहेर कसं पडायचं?" ती बरोबर होती. त्या एका भिंतीवर तांबूस रंग आला तो असा. आता चेहऱ्यावर ऊब दिसते, आणि तांबूस शेजारी आल्यामुळे मोरपंखीही खुलला.

तो का खुलला, ह्याचं उत्तर जुनं आहे. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत १८२४ पासून रंगाईचं काम शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ बघत. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी धागा तपासला, रंगात काही खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात, हे त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. मी हे वाचलं आणि ताटलीत रंग मिसळून तिथेच पसंत करणं सोडून दिलं. पांढऱ्या ताटलीत झगझगीत दिसणारा पोपटी मोरपंखीवर गेला की मवाळ व्हायचा. उलट साधा विटकरी शेंदरी तिथे निखाऱ्यासारखा पेटायचा. तेव्हापासून प्रत्येक मिश्रणाचं एक बोट आधी भिंतीवर.

रेखाटन खडूने केलं, ओल्या फडक्याने पुसता येतं म्हणून. लहान खोलीत लहान नक्षी असं लोकांना वाटतं. मी करून पाहिली आणि पुसली. बोटभर फुलांची गर्दी जवळून सतत डोळ्यांत टोचत राहते. मोठं पान एकदा बघितलं की नजर त्यावर निवांत टेकते. कुठे काय काढायचं हे ठरवताना मी नळाशी उभी राहिले, शॉवरखाली उभी राहिले आणि कमोडवर बसूनही पाहिलं. बसल्यावर समोर येणारी जागा उभ्याने बघताना रिकामीच राहून गेली असती. सगळ्यात सुंदर फूल आता तिथे आहे.

एक पान कसं होतं ते सांगते. एक इंची चपटा ब्रश, रंगात अर्ध्याहून जास्त बुडवायचा नाही. देठापाशी ब्रशची धार टेकवायची, हळूहळू दाबत खाली यायचं म्हणजे केस पसरतात आणि पानाचं पोट तयार होतं. टोकाकडे येताना दाब कमी करत ब्रश किंचित फिरवायचा आणि उचलायचा. मनगटाने ओढलं तर रेघ थरथरते, खांद्यापासून हात हलवला तर सरळ येते. दुसरी बाजू पहिली ओली असतानाच भरायची, नाहीतर मध्ये शिवण दिसते. मधली शीर काढायची नाही. दोन फटकाऱ्यांच्या मध्ये केसभर मोरपंखी मोकळा सोडायचा, तीच शीर.

खिडकीखालच्या एका पानात मिश्रण अर्ध्यातच संपलं. दुसऱ्यांदा केलेलं किंचित पिवळट आलं, आणि ते पान अजून तसंच आहे, अर्धं एका हिरव्यात, अर्धं दुसऱ्यात. त्यानंतर मी प्रत्येक मिश्रण जास्तीचं करून झाकणाच्या छोट्या बाटलीत भरून ठेवायला लागले, बाटलीवर रंगांची नावं आणि प्रमाण लिहून.

त्या बाटल्या आजही लागतात. मागच्या आठवड्यात बादलीच्या कडीने टाइल्सच्या वरच्या काठाशी शेंदरी पाकळी खरवडली गेली. तेवढी जागा सँडपेपरने हलकी घासली, पुसली, बाटली हलवून दोन हात दिले. ताजा ठिपका अजून शेजारच्यापेक्षा उजळ दिसतो. वाळताना अ‍ॅक्रिलिक थोडा गडद होतो, तेव्हा उद्या-परवा तो मिसळून जाईल. मग वर वार्निश.