भिंत होती तिथला पट्टा

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस चपला काढतो, पाणी पितो आणि मग खाली बघून विचारतो, "एवढं सगळं केलंत, मग फरशीत मध्येच हा काळा पट्टा कसा राहिला?" राहिला नाही, ठेवलाय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

शिवाजी पार्कजवळची आमची इमारत १९४०च्या आसपासची. गोलाई दिलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, जिन्यात मोझॅक. मरीन ड्राइव्हच्या अशाच इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. आमच्याकडे येतात ते पुनर्विकासाचे प्रस्ताव.

एका पावसाळ्यात आमच्या मोरीचं पाणी खालच्यांच्या छतातून टपकायला लागलं आणि काम काढावंच लागलं. मग हळूहळू यादी वाढली. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत साडेचार इंची, भार न पेलणारी; इमारत आरसीसीच्या खांब-तुळयांवर उभी. तरी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवून, परवानग्या घेऊनच तिला हात लावला. ठेकेदार म्हणत होता, "ताई, दोन तासांचं काम आहे." पाडायचं काम खरंच दोन तासांत झालं. परवानग्यांना चार महिने लागले होते.

भिंत गेली आणि फरशीला भांग पाडावा तशी सहा इंचांची उघडी पट्टी दिसली. अलीकडे तांबडी-पिवळी वेलबुट्टी, पलीकडे राखाडी चौकडा. सल्ला तयारच होता: सगळ्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स टाका. म्हणजे जमीन वर येणार आणि सागवानी दारं खालून तासावी लागणार. नको म्हटलं.

ही जुनी फरशी भट्टीत भाजलेली नसते. साच्यात पितळी खाचांची जाळी ठेवून एकेका कप्प्यात रंगीत सिमेंट ओततात, जाळी उचलतात, मागून कोरडं सिमेंट घालून दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरू देतात. रंगाचा थर काही मिलिमीटरांचाच, पण तो वर फासलेला नसतो, अंगातच असतो. म्हणून इतकी वर्षं पाय घासून ती गुळगुळीतच होत गेली. फक्त मोरीकडच्या कोपऱ्यात कधीकाळी कुणीतरी अ‍ॅसिड ओतलं होतं. तिथला रंग गेला तो गेलाच.

अशा फरश्या आजही करून मिळतात. स्वदेशीच्या ध्यासातून १९२२ साली सुरू झालेली मुंबईची 'भारत टाइल्स' त्या अजून बनवते. पण नवी वेलबुट्टी बेमालूम बसवायची म्हणजे इथे भिंत कधी नव्हतीच असं फरशीकडून वदवून घ्यायचं. ते मला पटेना. आणि दोन वेगळ्या नक्षींपैकी जुळवायची तरी कुठली?

तेवढ्यात जुना ओटा फोडला गेला. त्याचा काळा कडप्पा अंगणात पडला होता, कडेला विळीच्या ओरखड्यांसकट. तोच कापून पट्ट्यात बसवला.

नव्या ओट्याला ग्रॅनाइट, खाली ड्रॉवर. लाकडी पट्ट्यांवरून फिरणारी, अर्थिंग नसलेली जुनी वायरिंग पूर्ण काढून टाकली; तिथे मला जराही हळवेपणा नव्हता. खिडक्यांवरचे ऑइलपेंटचे थर खरवडले तेव्हा आत सागवान निघालं. दारांवरचे झरोके मोकळे ठेवले, फॉल्स सीलिंग घेतलं नाही, कारण गरम हवा तिथूनच बाहेर जाते. एसी मे महिन्यातच लागतो.

सासूबाईंना हे सगळं आवडलं की नाही, त्यांनी अजून सांगितलेलं नाही. पूर्वी चहा झाला की त्या आतून भिंतीवर लाटण्याने दोनदा टकटक करायच्या. आता समोरच दिसतात. तरी कप घेऊन येताना पट्टा ओलांडत नाहीत. पूर्वी दार होतं तिथपर्यंत जातात आणि तिथूनच वळून हॉलमध्ये येतात.