साकाई : जगातली सगळ्यात लांबलचक समाधी, जी समोर उभं राहून दिसत नाही

ओसाकाला गेलेली आपली मंडळी क्योतो आणि नारा उरकतात आणि परत फिरतात. ओसाकातल्या नाम्बाहून नानकाई कोया लाइनची जलद गाडी धरली की पंधरा मिनिटांच्या आत शेजारच्या साकाई शहरातलं साकाई-हिगाशी स्टेशन येतं. तिथे मात्र पर्यटक तुरळकच उतरतात. आम्ही दोघी बहिणी उतरलो, कारण मला कोफुन बघायचे होते. कोफुन म्हणजे राजे-सरदारांना पुरून वर रचलेली मातीची टेकाडं, बहुतेक चौथ्या ते सहाव्या शतकातली. मोझु-फुरुइची भागातले 49 कोफुन 2019 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले 23 साकाईत आहेत, बाकीचे शेजारच्या हाबिकिनो आणि फुजिइदेरा या शहरांत.

सर्वात मोठा दाइसेन. सरकारी नोंदीत ही निन्तोकु सम्राटाची समाधी; अभ्यासकांना मात्र त्याबद्दल शंका आहे. लांबी 486 मीटर, भोवती पाण्याचे तीन खंदक, आणि वरून पाहिलं तर कुलपाच्या भोकाचा आकार : एक बाजू गोल, दुसरी चौकोनी. पण हे सगळं वरून! प्रत्यक्षात दक्षिणेच्या दर्शनस्थळी पोचलात की पांढरी खडी, कुंपण, दगडी तोरी म्हणजे देवळापुढे असते तशी कमान, मागे पाणी आणि त्यामागे गर्द झाडी, एवढंच दिसतं. आत कुणालाही सोडत नाहीत, जागा राजघराण्याच्या खात्याच्या ताब्यात आहे. ताई दोन मिनिटं शांतपणे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या लांब तळं बघायला आणलंस होय गं मला?"

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी साकाई-हिगाशी स्टेशनला लागूनच असलेल्या महापालिकेच्या इमारतीत एकविसाव्या मजल्यावर जा. गच्चीसारखा चारी बाजूंनी काचेचा मजला, फुकट, रात्रीपर्यंत उघडा. कुलपाचं भोक इथूनही दिसत नाही, त्यासाठी थेट आकाशातच जायला हवं. पण घरांच्या दाटीत मधेच ही हिरवी टेकडी केवढी पसरली आहे ते कळतं. मग दर्शनस्थळाजवळच्या व्हिजिटर सेंटरमधली आकाशातून घेतलेली फिल्म बघा, तीही फुकट. दर्शनस्थळी स्वयंसेवक गाइड असतात. आम्हाला भेटलेल्या आजोबांनी मोडक्या इंग्रजीत निन्तोकुची गोष्ट सांगितली : राजाने उंचावरून पाहिलं तर गावात चुलींचा धूर दिसेना, त्याने तीन वर्षं कर माफ केला, राजवाडा गळायला लागला तरी दुरुस्ती केली नाही. ओबायाशी या बांधकाम कंपनीने 1985 मध्ये हिशेब मांडला होता, की त्या काळच्या अवजारांनी हे टेकाड रचायला रोज जास्तीत जास्त 2000 माणसं लावली तरी 15 वर्षं 8 महिने लागले असते. करमाफीवाल्या राजाच्या नावावर एवढी राबणूक, हे काही मला पटेना.

दाइसेनला पूर्ण फेरी मारायची तर जवळपास तीन किलोमीटर होतात आणि निम्म्या वाटेत लोकांच्या घरांच्या मागच्या भिंती बघायला मिळतात. मी तर म्हणेन फेरी सोडा, इतासुके कोफुनला जा. मोझु स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. हा 146 मीटरचा, म्हणजे नजरेत मावणारा. खंदकात एक अर्धवट तोडलेला काँक्रीटचा पूल उभा आहे, कुठेच न पोचणारा. 1955 च्या सुमारास टेकाड खणून माती विकायची आणि जागेवर घरं बांधायची, असा बेत होता. त्या कामासाठी हा पूल टाकलेला. गावकरी आणि अभ्यासकांनी आरडाओरडा केला आणि कोफुन वाचला. मोझुत एकेकाळी शंभराहून जास्त कोफुन होते, आज 44 उरलेत. बाकीचे कसे गेले हे तो पूल बघून समजतं. त्या पुलावर तानुकी, म्हणजे रॅकूनसारखे दिसणारे जपानी रानकुत्रे, उन्हाला येऊन बसतात. आम्हाला दोन दिसले, आणि ताईचा रुसवा गेला.

इथून मोझु हाचिमान देवळात जरूर जा. अंगणातला कापराचा वृक्ष 700-800 वर्षांचा सांगतात. बुंध्याला शिमेनावा, म्हणजे पवित्र मानलेला गवती दोर, बांधलेला. सप्टेंबरात येत असाल तर चंद्रदर्शनाच्या उत्सवाची तारीख बघून या. लाल गाद्यांच्या पाच थरांचे प्रचंड ढोल-रथ खांद्यावर नाचवतात.

माझं आवडतं ठिकाण मात्र साकाई-हिगाशीजवळचं होचिगाई देऊळ. सेत्सु, कावाची आणि इझुमी या तीन जुन्या प्रांतांच्या सीमेवरची ही जागा, म्हणजे कुठल्याच प्रांतातली नाही, म्हणून इथे दिशेचा दोष लागत नाही अशी श्रद्धा. घर बदलणारे, दूर प्रवासाला निघालेले लोक इथे येतात आणि मंतरलेली वाळू घेऊन जातात. वास्तुशांतीत वाढलेल्या आपल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. देवळाच्या मागेच हान्झेई सम्राटाचा म्हणून ओळखला जाणारा कोफुन आहे, अगदी खंदकाला खेटून.

दुपारी नान्शुजी. हे झेन मंदिर 1557 मध्ये मियोशी नागायोशी या सरदाराने वडिलांसाठी बांधलं, 1615 च्या लढाईत जळलं आणि ताकुआन या भिक्षूने पुन्हा उभारलं. चहाच्या विधीचा आचार्य सेन नो रिक्यू साकाईचाच, त्याच्या घराण्याची स्मारकं इथे आहेत. छतावरचा ड्रॅगन कुठूनही आपल्याकडेच बघतो. आत फोटो काढायला बंदी आहे. तिकीट काढावं लागतं, रोख येन जवळ ठेवा.

शाकाहारी असाल तर जेवणाची पंचाईत होते. साध्या भाजीतसुद्धा माशाचा अर्क असतो. कोंबिनीतले, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांतले, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेले भाताचे गोळे नेहमीचा आधार, तरी पाकीट कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा. पण तेराजिचो ट्रामथांब्याजवळच्या कानबुकुरो या शेकडो वर्षं जुन्या दुकानातला कुरुमी मोची चुकवू नका : मऊ तांदळाचे गोळे हिरव्या गोड सारणात बुडवलेले, उन्हाळ्यात वर किसलेला बर्फ. मंगळवार-बुधवार दुकान बंद असतं.

ट्राम हानकाई कंपनीची, ओसाकातल्या तेन्नोजीपासून येते. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे चालकाजवळ पैसे टाकायचे. इकोका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड चालतं. वाटेत झेवियर पार्क लागतं. गोव्याहून 1549 मध्ये जपानला निघालेला ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर साकाईत येऊन गेला होता, त्याची ही आठवण. जुन्या गोव्यात ज्याचं शव ठेवलंय, तोच हा.

वेळ उरला तर हानवा लाइनने ओतोरी स्टेशन गाठून ओतोरी ताइशाला जा. दंतकथेतला राजपुत्र यामातो ताकेरू याचा आत्मा पांढरा पक्षी होऊन उडाला तो इथे उतरला म्हणतात. लक्षात ठेवा, याच लाइनवरच्या मोझुला जलद गाड्या थांबत नाहीत, लोकलच पकडा. सायकल भाड्याने घेतली तर दाइसेन पार्क, इतासुके आणि नान्शुजी एका दमात होतात. साकाईत रस्ते सपाट आहेत, आणि सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीचं हे माहेर, सायकल हवी तशी मिळते. पावसाळ्यात मात्र ओडोमॉस सोबत असू द्या, खंदकांच्या काठचे डास आपल्याकडच्यांना लाजवतील असे.