पोटॅशिअम २.८ आलंय, अँप्यूल टाकू?

तापाच्या वॉर्डात हा फोन रोजचा. "सर, सात नंबरचं पोटॅशिअम २.८ आलंय." उत्तरही ठरलेलं: "एक अँप्यूल टाका सलाइनमध्ये." दुसऱ्या दिवशी रिपोर्ट २.९ येतो आणि "वाढतच नाही" अशी कुरकुर सुरू होते. वाढणार कसं? नॉर्मल ३.५ ते ५, पण हे फक्त रक्तातलं. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशिअम पेशींच्या आत असतं. रक्तातला आकडा ०.३ ने उतरला की एकूण तूट साधारण १०० एमईक्यूची (पोटॅशिअम मोजायचं एकक) धरायची. म्हणजे २.८ ला दोनशेच्या पुढे, आणि आपल्या १० मिलीच्या केसीएलच्या (पोटॅशिअम क्लोराइडच्या) अँप्यूलमध्ये असतात २०.

त्याआधी नमुना बघा. सलाइन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलं असेल तर आकडा खोटाच कमी येतो. उलट, नमुन्यातल्या रक्तपेशी फुटून आतलं पोटॅशिअम बाहेर आलं असेल तर खरी कमतरता झाकली जाते.

मग विचारायचं, गेलं कुठे? चार दिवस पेशंट जेवलेला नाही, जुलाब झालेत, हे उघड असतं. उलटीचं गणित वेगळं आहे. उलटीत पोटॅशिअम फारसं नसतंच. पोटातलं आम्ल गेलं की मूत्रपिंड पोटॅशिअम लघवीतून टाकून देतं. कोविडमध्ये विषाणू पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो, अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक आवरलं जात नाही, त्यामुळे अल्डोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि पोटॅशिअम लघवीत जातं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. डेंग्यूत क्वचित पाय लुळे पडतात आणि सगळे जीबीएसच्या (गियाँ-बारे या नसांच्या आजाराच्या) मागे लागतात. तिथे आधी पोटॅशिअम बघावं. पण या लुळेपणात ते बरेचदा पेशीत सरकलेलं असतं, हरवलेलं नसतं. घाईने भरपूर दिलं तर परत बाहेर आल्यावर आकडा उसळी मारतो.

खरं सांगायचं तर बराचसा हात आपलाच असतो. साल्ब्युटामॉलची वाफ आणि इन्शुलिन पोटॅशिअम पेशीत ढकलतात, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड ते लघवीतून घालवतात. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वॉर्डांत त्यावरचं अँफोटेरिसिन चालू होतं, तेव्हा सकाळी भरलेलं संध्याकाळी लघवीत जायचं. कारण कळत नसेल तर लघवीचं स्पॉट (एका वेळच्या नमुन्यातलं) पोटॅशिअम आणि क्रिएटिनिन पाठवा. क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे पोटॅशिअम १३ एमईक्यूपेक्षा जास्त असेल तर गळती मूत्रपिंडातच आहे.

आकडा ३ च्या वर, ईसीजी ठीक आणि पेशंट गिळू शकतो, तर तोंडावाटेच द्या. केसीएल सिरप १५ मिली म्हणजे साधारण २० एमईक्यू (बाटलीवरचं प्रमाण वाचून घ्या). अर्धा ग्लास पाण्यात, जेवणानंतर. तसंच पाजलं तर पोटात जळजळतं आणि उलटीवाटे परत येतं. नातेवाईक आणतात त्या शहाळ्याने बिघडत काही नाही, पण ग्लासभरात जेमतेम १०-१२ एमईक्यू असतात. लघवी कमी झालेल्याला मात्र तेही नको.

ईसीजीवर टी लहर सपाट, मागे यू लहर, हातपाय गळालेले, किंवा आकडा २.५ च्या खाली असेल तर शिरेतून. एक अँप्यूल ५०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये. डेक्स्ट्रोजमध्ये नको, त्याने इन्शुलिन सुटतं आणि आकडा आणखी पडतो. टांगलेल्या बाटलीत खालून अँप्यूल मारू नका. हे द्रावण जड असतं, तळाशी बसतं, आणि पहिल्या काही मिनिटांत पेशंटला जवळजवळ शुद्ध केसीएल जातं. बाटली खाली काढा, औषध घाला, आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, मग टांगा. मिलीला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब ठेवले तर चार तासांत संपते, म्हणजे तासाला ५ एमईक्यू. हाताच्या शिरेतून तासाला १० च्या वर जाऊ नका. २० पर्यंत न्यायचं तर सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) आणि मॉनिटर हवाच. थेट शिरेत मारणं म्हणजे हृदय बंद पाडणं.

एवढं करूनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशिअम. ते कमी असलं की मूत्रपिंडातली पोटॅशिअमची वाट उघडीच राहते, वरून कितीही ओता. रक्तातलं मॅग्नेशिअम नॉर्मल आलं तरी साठा रिकामा असू शकतो, म्हणून मूत्रपिंड बरं असेल तर १-२ ग्रॅम मॅग्नेशिअम सल्फेट सावकाश द्यायला हरकत नसते. तोवर अझिथ्रोमायसिन, ऑनडॅन्सेट्रॉन, लेव्होफ्लॉक्सॅसिन ही औषधं चालू आहेत का ते तपासा. कमी पोटॅशिअममध्ये ही तिन्ही क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर) लांबवून ठोके बिघडवतात.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं "पोटॅशिअम सिरप चालू" लिहू नका. घरी जुलाब थांबलेले असतात, टेल्मिसार्टन (पोटॅशिअम वाढवणारी बीपीची गोळी) परत सुरू होतं आणि महिनाभराने पेशंट पोटॅशिअम ६ घेऊन येतो. किती दिवस घ्यायचं ते लिहा, आणि आठवड्याने पोटॅशिअम-क्रिएटिनिन करायला सांगा.